‘पेन्शन अँड टॅक्स’ : एका कराराचा माग

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा इमारतीचं मालमत्ता पत्रक मी प्रथमच हाती घेतलं. धारणाधिकाराच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘पेन्शन अँड टॅक्स’. कुणा निवृत्त माणसाची जागा असावी, असं मला वाटलं. शोध घेत गेलो आणि पोचलो थेट १६७२ सालात.

जेराल्ड अंजियर तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतला अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर होता. १६७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून गेला, तो याच्याच कारकिर्दीत. अंजियर घराणं आयर्लंडमधल्या सत्ताधारी जमीनदारांचं. आजोबा लाँगफर्डचे पहिले बॅरन. भाऊ फ्रान्सिस राजकारणी आणि जमीनदार. डब्लिनमधला अंजियर स्ट्रीट त्यानंच वसवला. जमिनीवाचून सत्ता टिकत नाही, हा धडा जेराल्डला घरातच मिळाला असणार.

मुंबईत तर जमिनीचाच तंटा होता. पोर्तुगीज अमलात भातखाचरं आणि माडांच्या वाड्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्या हक्कांवर १६६५ नंतर इंग्रज अधिकारी शंका घेऊ लागले. काही जमिनी जप्तही झाल्या. अंजियरनं तोड काढली : जमीनधारकांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन, म्हणजे पोर्तुगीज चलनातली नाणी, कंपनीला द्यावीत, कंपनीनं त्यांचा कब्जा मान्य करावा. १६७४ मध्ये करारावर शिक्कामोर्तब झालं. या देण्याला पोर्तुगीजांचा ‘पेन्साव’ हा शब्द होता. त्याचंच इंग्रजांनी ‘पेन्शन’ केलं.

अंजियर १६७७ मध्ये सुरतेत वारला. कंपनी गेली, राणीचं राज्य गेलं, तरी त्याचा करार उरला. असे खास धारणाधिकार रद्द करणारा कायदा महाराष्ट्रानं केला, तो १९६९ साली. आमच्या पत्रकावर मात्र तो शब्द अजून आहे.

अंजियरला मुंबईचा शिल्पकार म्हणतात. व्यापाऱ्यांना त्यानं निर्धास्त केलं, हे खरंच. पण करार झाला तो जमीन धरणाऱ्यांशी; कसणाऱ्या कुळांशी नव्हे. भाडेकरूला बळ देणारा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा यायला १९४७ साल उजाडावं लागलं.

चाळीच्या सभेत मी हे सारं सांगितलं. मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, “अरे, मग आपलं नाव कुठल्या रकान्यात?”

म्हणून या वेळी बिल्डरच्या मसुद्यावर सही करण्याआधी आम्ही प्रत्येक रकाना वाचतो आहोत.