हंस, गाळ आणि मिरी

माझी भाची बेल्जियममध्ये लुव्हेनला शिकते. गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारची सुट्टी गाठून ती मैत्रिणींबरोबर आगगाडीने ब्रुज शहर पाहून आली. सोमवारी माझ्या फोनवर तिचे फोटो आले. कालवे, विटांची जुनी घरे, घंटाघराचा उंच मनोरा आणि पाण्यात पोहणारे पांढरे हंस. खाली प्रश्न होता : ‘‘मामा, या गावाने राजाच्या एका माणसाचा जीव घेतला, त्याची शिक्षा म्हणून इथे कायम हंस पाळावे लागतात, असं सांगतात. खरं आहे का?’’

मी ब्रुज पाहिलेले नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. पण बंदरे का भरभराटतात आणि का ओस पडतात, या विषयाचा नाद मला फार वर्षांपासून आहे. भाचीला दोन ओळींत उत्तर पाठवावे म्हणून पुस्तके काढली आणि त्यातून हा लेख झाला.

हंसांच्या शिक्षेची गोष्ट ही दंतकथा आहे. तिच्यातला माणूस मात्र खरा. त्याचे नाव पीटर लांखाल्स. हे आडनाव ‘लांब मान’ या अर्थाच्या डच शब्दाशी जुळते, आणि मान लांब असते ती हंसाची. १४८२ मध्ये बर्गंडीची मेरी घोड्यावरून पडून मरण पावली आणि अज्ञान मुलाच्या वतीने तिचा नवरा मॅक्सिमिलियन कारभार पाहू लागला. त्याचे कर आणि त्याची युद्धे फ्लँडर्सच्या शहरांना नकोशी झाली. १४८८ च्या फेब्रुवारीत ब्रुजच्या नागरिकांनी त्यालाच पकडले आणि बाजारचौकातल्या क्रानेनबुर्ख नावाच्या घरात कोंडले. त्याचा विश्वासू अधिकारी लांखाल्स याचा त्याच चौकात शिरच्छेद केला. मे महिन्यात मॅक्सिमिलियन सुटला. मग त्याने ब्रुजमधल्या परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जाण्याचा आग्रह धरला. शिक्षा झाली ती ही.

ब्रुजच्या ऱ्हासाचे कारण विचारले, तर बहुतेक ठिकाणी एकच शब्द वाचायला मिळतो : गाळ. ११३४ च्या समुद्री वादळाने झ्विन नावाची खाडी शहराच्या दिशेने उघडली आणि पुढे ती गाळाने भरत गेली, म्हणून बंदर मेले, असे हे उत्तर आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. ब्रुजच्या ऐन वैभवातही मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती दामे आणि पुढे स्लाउस येथे थांबत. तिथून माल लहान होड्यांनी शहरात येई. म्हणजे गाळाची अडचण ब्रुजला नवी नव्हती. तरीही १२७७ मध्ये जिनोव्हाची जहाजे समुद्रमार्गे इथवर आली. इंग्लंडची लोकर, उत्तर जर्मन व्यापाऱ्यांचा माल आणि इटालियन पेढ्यांच्या हुंड्या इथे एकत्र येत. शेअर बाजाराला युरोपातल्या अनेक भाषांत ‘बुर्स’ म्हणतात. हा शब्द व्हान डेर बुर्झे या ब्रुजमधल्या सराईवाल्या कुटुंबाच्या नावावरून आला, असे मानले जाते. त्यांच्या सराईसमोरच्या चौकात व्यापारी जमत.

व्यापारी सोबत असेपर्यंत गाळाशी झगडणे परवडत होते. ते निघून गेल्यावर गाळ उपसायचा कोणासाठी?

ते गेले यामागे राजकारण होते, तशी मिरीही होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या राजाची व्यापारी वखार ब्रुज सोडून अँटवर्पला गेली, आणि १५०१ मध्ये तिथे पोर्तुगीज जहाजातून मिरी उतरली. मिरी विकत घेणारे, दक्षिण जर्मनीतले चांदी-तांब्याचे सावकार, तिथेच भेटत. आपल्या मलबार किनाऱ्यावरचे पीक ब्रुजऐवजी अँटवर्पच्या धक्क्यावर उतरू लागले.

ब्रुज एका दिवसात ओस पडले नाही. १५०६ च्या सुमारास एका श्रीमंत कापड व्यापारी घराण्याने मायकेलएंजेलोची ‘मॅडोना आणि बालक’ ही संगमरवरी मूर्ती इथे आणवली. ती आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. पण उतरण सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुजची गणना बेल्जियमच्या सर्वांत गरीब शहरांत होत होती. हजारो बायका-मुली तुटपुंज्या मजुरीवर लेस विणत होत्या. १८९२ मध्ये जॉर्ज रोडेनबाख या लेखकाने कादंबरी लिहिली, तिच्या नावातच ब्रुजला ‘मृत’ म्हटले होते.

भाचीच्या फोटोंतले सौंदर्य या गरिबीतून उरले आहे. दुसऱ्या शहरांत जुने पाडून गिरण्या आणि रुंद रस्ते आले. इथे पाडायला कारण नव्हते आणि नवे बांधायला पैसा नव्हता. पुढे प्रवासी येऊ लागले, तेव्हा कित्येक घरांचे दर्शनी भाग मध्ययुगीन धाटणीने नव्याने घडवले गेले. क्रानेनबुर्खचेही तेच झाले. त्या जागी आता कॅफे आहे आणि त्याचा दर्शनी भाग विसाव्या शतकातला आहे. २००० साली युनेस्कोने शहराचा जुना भाग जागतिक वारसा ठरवला. चौदाव्या शतकात या भागात चाळीस हजारांहून अधिक लोक राहत, आज साधारण वीस हजार राहतात.

हे सारे भाचीला कळवले. तिचे उत्तर आले : ‘‘मामा, त्याच कॅफेत आम्ही तासभर बसलो होतो. थंडी होती म्हणून. काहीच माहीत नव्हतं.’’

तिला मी लिहिले, पुन्हा जाशील तेव्हा हंस जरूर पाहा. पण कालव्यापासून थोडी दूर, लेस विणणाऱ्यांच्या सेंट अ‍ॅनच्या वस्तीतही जा. श्रीमंतांनी गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बुटक्या दानगृहांच्या रांगा शहरात आजही उभ्या आहेत, त्याही पाहा. व्यापारी निघून गेले, तरी ही माणसे तिथेच राहिली होती.