अजिंठ्याचे रंग आणि अमृता शेरगिल

चित्रकाराला स्फूर्ति कोठून मिळते, असें आपण नेहमीं विचारतों. परंतु एखाद्या थोर जुन्या चित्रापुढें उभा राहून तो त्यांतून नेमकें काय घेतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अजिंठ्याच्या इतिहासांत त्याचें उत्तर सांपडतें.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्यांत वर्षेंच्या वर्षें वेंचलीं. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकीं बहुतेक १८६६ च्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळांत तेंच काम पुन्हां केलें. त्यांतीलहि पुष्कळ चित्रें १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथें अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. तरीहि हे श्रम व्यर्थ गेले नाहींत. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध झाला आणि ज्यांना लेण्यांपर्यंत जाणें अशक्य होतें, त्यांनाहि अजिंठा दिसला. पण प्रतिकृति करणें वेगळें आणि स्फूर्ति घेणें वेगळें.

अजिंठ्याच्या कलावंतांपाशीं रंग मोजकेच होते. मातींत भाताचीं तुसें आणि वनस्पतींचे तंतु कालवून भिंत लिंपावयाची, तिच्यावर चुन्याचा पातळ हात द्यावयाचा आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यांत खललेले रंग लावावयाचे, अशी ती रीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढीच मुख्य सामग्री. निळा लाजवर्द तेवढा अफगाणिस्तानांतील बदकशानच्या खाणींतून येई. पांचव्या शतकांतील लेण्यांत हा निळा तांबड्या-पिवळ्या मातीशेजारीं येतो आणि झळकूं लागतो. रंगाचें तेज त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असतें, हें त्या कारागिरांनीं पुरतें ओळखलें होतें.

१९३६ च्या अखेरीस अमृता शेरगिल मुंबईतील प्रदर्शनानंतर अजिंठ्यास गेल्या. बुडापेस्ट येथें १९१३ मध्यें जन्मलेल्या आणि पॅरिसमध्यें तैलचित्रण शिकलेल्या या चित्रकर्तीस १९३३ मध्यें तेथील सलोंमध्यें सुवर्णपदक मिळालें होतें. हात तयार होता. नजर मात्र अद्याप शोधांत होती. अजिंठा पाहून त्या दक्षिणेकडे गेल्या आणि परतल्यावर १९३७ मध्यें सिमल्यास त्यांनीं तीन मोठीं चित्रें रंगविलीं: वधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजारास निघालेले दक्षिणेकडील खेडूत.

या तिन्ही चित्रांत पद्मपाणि कोठेंहि नाहीं. ‘ब्रह्मचारी’ पाहा. तांबूस पार्श्वभूमीवर पांच सांवळे तरुण बसले आहेत. त्यांच्या पांढऱ्या धोतरांमुळें सारें चित्र उजळलें आहे. रंग थोडे, पण प्रत्येकाची जागा अढळ. भिंतीवरील आकृति अजिंठ्यासच राहिल्या. अमृताबाईंनीं तेथून उचलली ती रंगांची शिस्त, आणि ती स्वतः पाहिलेल्या माणसांना लावली.

१९४१ मध्यें लाहोर येथें, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. दक्षिणेंतून परतल्यावर जेमतेम साडेचार वर्षें त्यांच्या हातीं होतीं.

श्रोतेहो, आपण अजिंठ्यास जाल तेव्हां केवळ मुद्रांचें सौंदर्य पाहून परत फिरूं नका. निळा कोठें घातला आहे आणि त्याच्या शेजारीं कोण बसला आहे, हेंहि घटकाभर उभें राहून पाहा. चित्रकाराची शाळा तेथेंच भरते.