औषधाचाही इम्तिहान

काल अम्मीने मला तीनदा विचारलं, "मी जोहरची नमाज पढली का रे?" हे ऐकून जोगेश्वरीतल्या आमच्या शेजारच्या खाला ब्राह्मीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. "जडीबुटी आहे बेटा, नुकसान काय करणार?"

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सर्पगंधा, म्हणजे युनानीतलं असरोल, आपले हकीम आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा तपासली. तो लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाने दखल घेतली. पुढे याच सर्पगंधेतल्या रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येतं, हेही दिसलं. म्हणजे जडीबुटी काम करते, तशी नुकसानही करू शकते.

रक्तदाब यंत्राने मोजता येतो. आठवण कशी मोजायची? शब्दांची यादी ऐकवतात आणि थोड्या वेळाने विचारतात. पण तोच पेपर दुसऱ्यांदा दिला की मार्क वाढतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. म्हणून काही जणांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला कोणती मिळाली, हे ना घेणाऱ्याला ठाऊक असतं, ना तपासणाऱ्याला.

अमेरिकेत स्मृतिभ्रंश नसलेल्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर गिंको या झाडाच्या पानांचा अर्क असाच सुमारे सहा वर्षं तपासला गेला. २००८ मध्ये निकाल आला: गिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. उपयोग शून्य.

त्याच वर्षी ब्राह्मीचाही एक निकाल छापून आला. पासष्टीपुढच्या ५४ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. शब्द आठवण्यात फरक पडला, पण त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. शिवाय ती नीरब्राह्मी होती. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही विकली जाते.

इम्तिहान घेणं म्हणजे हकिमांचा अपमान, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. मला उलट वाटतं. अजमल खानांचं नाव आज रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहे, ते तपासणीमुळेच.

खालांचे मी मनापासून आभार मानले. बाटली कपाटात ठेवली आहे. आधी अम्मीची बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी होईल, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं. मग अम्मीच्या रोजच्या गोळ्यांसोबत ही बाटलीही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवेन.