कॉलर माइकची गोष्ट

आमच्या कोकणातल्या नमनातला संकासूर एका जागी ठरत नाही. काळा पोशाख, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. तो नाचतो, प्रेक्षकांत शिरतो, बोलता बोलता पाठ फिरवतो. त्याच्यापुढे स्टँडचा माइक ठेवला, तर नाच तरी सोडावा लागतो नाही तर बोलणं तरी. आम्हा कवींचं तसं नाही. मुशायरा असो की कविसंमेलन, माइकपुढे उभं राहून वाचलं की काम भागतं. बिनतारी कॉलर माइकची खरी गरज संकासुराला आहे, दोन्ही हात चिपळ्यांत गुंतलेल्या कीर्तनकाराला आहे. पण वाडीतल्या मंडळाची वर्गणी ती केवढी! म्हणून हा माइक कसा घडला ते आधी पाहू. खरेदीच्या वेळी ते कामी येईल.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं मराठी नट नुसत्या गळ्याच्या जोरावर उभा होता. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई, त्यालाच मोठी भूमिका मिळे. पुढे माइक आला. मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'ची पट्टी गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत आजही दिसते. आवाज लाखोंपर्यंत पोचला, पण वक्ता मात्र माइकपुढे खिळला. नाटकातही रंगमंचाच्या कडेला नि वर टांगलेले माइक आले, आणि महत्त्वाचं वाक्य त्यांच्या टापूत येऊन म्हणावं लागू लागलं.

ही तार तोडण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या शुअर कंपनीने १९५३ साली केला. तिच्या 'व्हॅगाबाँड' या बिनतारी माइकचा पल्ला जेमतेम सातशे चौरस फुटांचा होता. १९६४ साली 'माय फेअर लेडी' हा चित्रपट आला. रेक्स हॅरिसन यांना आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं मान्य नव्हतं. तेव्हा त्यांच्या टायमध्ये बिनतारी माइक दडवला गेला. गंमत अशी की, भूमिका होती उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाची! शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून तो चित्रपट निघाला, त्याच्यावरूनच पु. लं.नी केलेली 'ती फुलराणी' १९७५ साली आपल्या रंगभूमीवर आली.

पण हॉलिवूडला परवडलेली ही चैन वाडीपर्यंत आली ती वेगळ्या वाटेने. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेसलर यांनी पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा साठवणारा इलेक्ट्रेट माइक बनवला. त्यामुळे पडद्याला बाहेरून मोठा दाब द्यायची गरज उरली नाही. माइक हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला आणि स्वस्तही. म्हणजे महाग असतो तो बहुधा माइक नव्हे, आवाज वाहून नेणारी यंत्रणा.

या यंत्रणेतच फसायला होतं. आपल्याकडे १९३३च्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागे. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. आजचे बरेच स्वस्त संच याच पट्ट्यावर चालतात. पण वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. शिवाय माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषतं. नटाने पाठ फिरवली की आवाज तुटतो तो यामुळे. म्हणून संच रिकाम्या दुकानात ऐकून घेऊ नये. प्रयोगाच्या जागी, माणसं जमवून, त्यांचे मोबाइल चालू ठेवून, पाठ फिरवून तपासावा. दुसऱ्या हाताचा जुना संच स्वस्तात मिळत असेल, तर त्यावरचा आकडा वाचावा. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२च्या लिलावात मोबाइल सेवेला गेला. त्यातला संच फुकट मिळाला तरी नको.

आठ वाईट माइकांपेक्षा दोन चांगले घ्यावेत. मृदंगाशेजारी बसून गाणाऱ्यांना तारेचा माइक पुरतो. कॉलर माइकची बारीक वायर बहुधा आधी तुटते. तेव्हा माइक सुटा निघणारा असावा, म्हणजे तेवढाच बदलता येतो. जिथे रात्री चार्जिंगची सोय नाही तिथे गावच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारा संच बरा. स्पीकर नटाच्या पुढे ठेवावेत, नाही तर माइक शिट्टी मारणार. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतात. पण संकासुराची छाती दाढीने झाकलेली, नि दाढी माइकला घासणार. नाटकवाले कपाळावर केसांच्या रेषेत माइक दडवतात, तसा तो टोपीच्या कडेला बसवावा. घुंगरंही तिथून लांब राहतात.

एवढी यातायात कशासाठी? तर बारीक आवाजाचा, पण नाचात नि विनोदात वाकबगार असा पोरगा प्रत्येक वाडीत असतो. आजवर त्याच्या वाट्याला मुकी सोंगं आली. नव्या माइकचा पहिला मान त्याला द्यावा.