रौजाबागेतले महाविद्यालय

बीडच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या उच्च शिक्षणाकडे मी त्याच नजरेने पाहतो.

निजामाने 1918 साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ काढले. पण दरबारची भाषा घरात आहे, एवढ्याने बीडच्या पिंजाऱ्याचे पोर हैदराबादेस पोचत नव्हते. महाराचे तर नाहीच. 1948 ला पोलीस कारवाई झाली, निजामी गेली आणि उर्दू शिकलेला माणूसही कचेरीच्या दारात अडाणी ठरू लागला.

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. त्याच शहरात रौजाबागेत 1963 साली डॉ. रफिक झकेरियांनी मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. दोघेही त्या वेळी मंत्री होते, हे ध्यानात घ्यावे. आझाद हा मदरसा नव्हे. कला, विज्ञान, वाणिज्य शिकवणारे, मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले ते महाविद्यालय; दार सर्वांना उघडे.

झकेरियांचे हे काम मोठेच. पण हजेरीपटावर सगळे नुसते 'मुसलमान' दिसतात. पिंजारी, अत्तार, खाटीक, मोमीन यांच्या घरांतला पहिला पदवीधर तिथून कोणत्या साली बाहेर पडला? मिलिंदबद्दल आपण हे विचारतो. आझादचा इतिहास लिहिणाऱ्यानेही विचारावे.