घरातले जुने पिस्तूल : जपावे की उडवावे?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना नवल वाटले. जन्माने जैन, व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर, आणि बोलणार पिस्तुलावर! पण आमच्या औषधांच्या कपाटात डोकावलात तर नवल ओसरेल. सिलिशिया म्हणजे गार, काली नायट्रिकम म्हणजे सोरा, सल्फर म्हणजे गंधक आणि कार्बो व्हेज म्हणजे लाकडाचा कोळसा. गारेच्या पिस्तुलाला दारूगोळ्यासाठी याहून फारसे काही लागत नाही. ओळख जुनीच आहे, मात्रा तेवढी वेगळी.

आपल्या भागातल्या जुन्या घरांत, देवघराशेजारच्या फडताळात किंवा माडीवरच्या पेटीत, तलवारीबरोबर एखादे ठासणीचे पिस्तूल निघते. मैलूरच्या एका घरातले असे पिस्तूल माझ्यापुढे ठेवण्यात आले. घरातल्या तरुणांचा बेत ठरला होता : गंज काढायचा, कळ दुरुस्त करायची आणि दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की अंगणात एक बार काढायचा. हे व्याख्यान म्हणजे त्या बेताला दिलेले उत्तर आहे.

आधी या यंत्राची रीत पाहू. गारेच्या आधीची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्यात मुरवलेली, धुमसत राहणारी सुती दोरी. तिलाच जामगी म्हणत. चाप दाबला की तिचे जळते टोक रंजकावर टेके, रंजक पेटे आणि नळीच्या कानातून आग आतल्या दारूपर्यंत जाई. १७व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये या दोरीची जागा गारेने घेतली. घोड्याच्या जबड्यात कातड्यात धरलेली गार, समोर पोलादी पाते आणि पात्याखाली रंजकाची वाटी, अशी ही कळ. चाप ओढला की गार पात्यावर आदळते, पोलादाचे बारीक कण खरवडून निघतात आणि जळतच वाटीत पडतात. ठिणगी गारेची वाटते, पण जळते ते पोलाद. म्हणून पाते मऊ पडले असेल तर गार कितीही चांगली असो, बार उडत नाही.

आपल्या भाषेनेही हे सारे जपून ठेवले आहे. चकमक हा शब्द मूळचा तुर्की. आग पाडण्याच्या गार-पोलादाला आपण चकमक म्हणतो आणि लहानशा लढाईलाही. ठासून सांगणे, फुसका बार हे बोलणे ठासणीच्या बंदुकीला शोभणारे आहे. काडतूस आले पोर्तुगीजांकडून. बंदुका गेल्या, शब्द घरात राहिले.

गारेची कळ आली म्हणून तोडा लगेच गेला नाही. पावसात विझणारा, रात्री शत्रूला दिसणारा आणि दारूच्या गाड्यांजवळ जिवावर बेतणारा तोडा आपल्याकडे दीर्घकाळ टिकला. याचे कारण आपल्या लोकांचे अडाणीपण नव्हे. तोड्याची बंदूक स्वस्त होती आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येत होती. गारेच्या कळीला उत्तम पोलादाची कमान लागते, योग्य कडकपणाचे पाते लागते, आणि गार झिजली की नवी लागते. जिथे हा पुरवठा कायम राहील तिथेच ही बंदूक परवडे.

तसा पुरवठा कवायती पलटणींना होता. फ्रेंच सेनानी बुसीने निजामाच्या पदरी अशा पलटणी उभ्या केल्या. त्या शिस्तीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे सदाशिवरावभाऊंकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, भाऊंनी निजामाला उदगीरला नमवले होते. ते उदगीर १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. पुढे १७९५च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे रेमंडच्या पलटणी होत्या आणि मराठ्यांकडे शिंद्यांच्या. हैदराबादेत रेमंडने उभारलेल्या तोफखान्याच्या कारखान्याची आठवण 'तोप का साँचा' या नावाने आजही आहे. म्हणजे आपल्या पेटीतले पिस्तूल कोठून आले असेल, याचे निम्मे उत्तर याच मुलखाच्या इतिहासात आहे.

उरलेले निम्मे उत्तर पिस्तुलाच्या अंगावर असते. युरोप-अमेरिकेत हौशी लोक सुट्या भागांचा संच विकत आणतात आणि घरी बसून पिस्तूल जुळवतात. आपल्याला ते नवलाचे वाटते. पण आपल्याकडची कितीतरी जुनी पिस्तुले जुळवलेलीच आहेत. कळ विलायती, नळी दुसरीकडची आणि लाकडी दस्ता इथल्या सुताराचा. कळीच्या पट्टीवर बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरे असतील, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण. १८०८च्या सुमारास बदाम गेला आणि मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. टिपू सुलतानाच्या कारखान्यातल्या कळींवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असे. मैलूरच्या त्या पिस्तुलाची कळ आणि दस्ता यांचे एकमेकांशी जमत नव्हते. कळ बसवण्यासाठी लाकूड नंतर कोरलेले स्पष्ट दिसत होते. घरच्यांना ते खोट वाटले. मला तीच त्याची कुंडली वाटली. कुणीतरी, कधीतरी, मिळेल ते भाग घेऊन ते पुन्हा उभे केले होते.

म्हणून अशी वस्तू हाती आली तर पहिले काम साफसफाईचे नाही. पहिले काम ती भरलेली आहे का, हे जाणण्याचे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते, आणि भरून ठेवलेल्या जुन्या बंदुका जगभर सापडल्या आहेत. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे न धरता एक लाकडी काडी आत अलगद टेकेपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि काडी बाहेरून नळीला लावून पाहावी. काडी कानाच्या बरीच अलीकडे थांबली, तर आत काहीतरी आहे. मग घोड्याला हात लावू नये, नळी खरवडू नये. सरळ पोलिसांना कळवून जाणकाराची वाट पाहावी. नळी रिकामी निघाली तरी वाळूचा कागद, लिंबू, चिंच यांना लांब ठेवावे. लाल गंज तेलाच्या मऊ फडक्याने हळूहळू उतरवावा. काळपट झाक राहू द्यावी. चकाकी आणण्याच्या नादात नेमक्या खुणा पुसल्या जातात आणि उरते ते नुसते लोखंड.

आता बाराचे. पूर्वी लंडन आणि बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहांत प्रत्येक नळी जास्त दारू भरून एकदा उडवून पाहत आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारत. दीडदोनशे वर्षे पेटीत गंजलेल्या नळीला तो ठसा आज जामीन राहत नाही. आत कुठे भेग आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि दस्ता धरणारा हात तिथून वीतभर अंतरावर असतो. घोड्याची अर्धी खाच झिजलेली असेल, तर चाप न ओढताही घोडा पडतो. ठासणीच्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यांत गारेच्या पिस्तुलाचाही प्रकार आहे. तिथे हौस भागवायला नव्या, तपासलेल्या नळ्यांच्या प्रतिकृती मिळतात. जुन्या वस्तूचा जीव आणि आपला हात, दोन्ही वाचतात.

कायदाही इथे आडवा येतो, आणि शहाणपणाने येतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट, पुराणमोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून चालणार नाही, अशालाच. परवान्याशिवाय दुरुस्ती करणे हाही गुन्हा. म्हणजे हौसेने कळ चालती करणारा माणूस आजोबांची आठवण एका संध्याकाळीत बिनपरवान्याचे हत्यार करून टाकतो.

बीदरकराला हे वेगळे सांगायला नको. १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात बुरुजामागचा दारूसाठा पेटला आणि किल्लेदार सिद्दी मर्जान भाजून गेला. महमूद गावानने १४७२ साली बांधलेला मदरसा एकेकाळी विद्येचे माहेरघर होता. मोगल अमलात तिथे दारू साठवली गेली आणि १७व्या शतकाच्या अखेरीस स्फोटाने त्याचा मोठा भाग कोसळला. तुटलेली ती बाजू आपण रोज पाहतो. विद्येच्या जागी दारू ठेवली की काय होते, याचा एवढा मोठा पुरावा दुसऱ्या गावाला क्वचितच लाभला असेल.

मैलूरच्या घरात शेवटी ठरले ते असे. पिस्तुलाला तेल लावून सुती कापडात ठेवायचे, घोडा ओढायचा नाही, कळीवरच्या खुणांचे फोटो काढायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते ते सारे वहीत उतरवायचे. दसऱ्याला ते तलवारीशेजारी पाटावर येईल, फूल वाहिले जाईल आणि परत पेटीत जाईल. आपल्यापैकी कुणाच्या घरी असे काही असेल, तर आधी वही काढा. लोखंड आणखी शंभर वर्षे थांबेल. सांगणारी माणसे थांबणार नाहीत.