प्रज्योतीचा फूत्कार

विजेचा दिवा म्हणजे काचेच्या गोळ्यात तापून उजळणारी बारीक तार, ही कल्पना रूढ होण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे विजेचा उजेड निराळ्याच वाटेने प्रकट झाला होता. व्होल्टाने १८०० साली आपला विद्युत्‌घट जगापुढे मांडला. त्यानंतर दहाएक वर्षांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने दोन हजार जोडपट्ट्यांच्या प्रचंड विद्युत्‌घटमालेला लोणारी कोळशाच्या दोन कांड्या जोडल्या. त्या परस्परांजवळ आणून पुन्हा हलकेच दूर सारताच मधल्या हवेत चार इंच रुंदीची प्रकाशाची झोत उभी राहिली. आडव्या धरलेल्या कांड्यांमधील तप्त हवा वर चढे, म्हणून ती झोत धनुष्यासारखी वाके. या आकारावरूनच तिला इंग्रजीत ‘आर्क’, म्हणजे कमान, हे नाव पडले. मराठीत तिला विद्युत्-प्रज्योत म्हणतात.

हे तेज पाहणाऱ्याला दिपवणारे असले, तरी घटमालेवर ते फार महाग पडे. विद्युत्‌जनित्रे सुधारली तेव्हा कुठे आर्क दिवे रस्त्यावर आले. १८७८ साली पॅरिसच्या ऑपेरा मार्गावर याब्लोचकोव्हच्या विद्युत्-मेणबत्त्यांनी लख्ख उजेड पाडला. तथापि या दिव्यांना एक खोड होती. प्रवाह थोडा वाढवावा, तर दिवा एकाएकी फूत्कार टाकू लागे, उजेड थरथरे, आणि त्याच क्षणी कांड्यांमधील विद्युत्‌दाब जवळजवळ दहा व्होल्टनी कोसळे. असे का व्हावे, याचा उलगडा कोणालाच होईना.

तो उलगडा हर्था एअर्टन या विदुषीने केला. त्यांचा जन्म १८५४ सालचा. वडील पोलंडहून इंग्लंडला आलेले यहुदी घड्याळजी. ते लवकर वारले, आणि आईने शिवणकाम करून संसार चालविला. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात हर्थाबाईंनी गणिताचा अभ्यास पुरा केला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ते विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसे. पुढे १८८५ साली त्यांनी आपले शिक्षक विल्यम एअर्टन यांच्याशी विवाह केला. हे एअर्टन तरुणपणी हिंदुस्थानच्या तारखात्यात होते आणि तारांतील बिघाड शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रज्योतीवरील संशोधन मुळात त्यांचेच. परंतु १८९३ साली शिकागोच्या विद्युत् परिषदेत वाचलेला त्यांचा निबंध छापला जाण्याआधीच अपघाताने जळून गेला. त्यानंतर ते काम बाईंनी हाती घेतले, आणि अगदी पहिल्यापासून घेतले.

जुन्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. बाईंच्या ध्यानात आले की प्रवाह बदलल्यावर कार्बनच्या टोकांना नवा आकार येण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ न थांबता घेतलेले मोजमाप फसवे असते. त्या थांबू लागल्या. आकडे जुळू लागले. प्रज्योतीची लांबी, प्रवाह व दाब यांना एका सूत्रात बांधता आले, आणि प्रवाह वाढला की दाब उतरतो, हे नेहमीच्या तारेच्या उलट असलेले वर्तन त्या सूत्रात स्पष्ट दिसले.

फूत्काराचे कारणही याच निरीक्षणातून निघाले. धन कांडीच्या टोकाला एक तप्त खळगा पडतो. त्याचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर असते आणि बहुतेक उजेड तेथूनच येतो. प्रवाह बेताचा असेतो कार्बनच्या बाष्पाचे आवरण या खळग्याला हवेपासून राखते. प्रवाह वाढला की खळगा रुंदावतो, टोकावर मावेनासा होऊन कडेवर पसरतो, आणि तेथे प्राणवायू त्याला भिडतो. फूत्कार आणि दाबाची घसरण ही या संयोगाचीच फळे. हे केवळ अनुमान नव्हते. बाईंनी प्रज्योत बंद भांड्यात कोंडली, तेव्हा फूत्कार उमटेना. खळग्यावर प्राणवायू सोडताच तो उमटला. नायट्रोजन सोडला तर नाही. इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा विज्ञानाच्या इतिहासात वारंवार भेटत नाही.

१८९९ साली हा निबंध त्यांनी लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतः वाचला. तेथे स्त्रीने निबंध वाचण्याची ती पहिलीच वेळ, आणि संस्थेने त्यांना लगेच सभासदही करून घेतले. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ साली त्यांचा निबंध जॉन पेरी यांनी वाचून दाखविला. १९०२ साली त्यांचे नाव सोसायटीच्या फेलोपदासाठी सुचविण्यात आले. कायदेपंडितांचा सल्ला घेण्यात आला. विवाहित स्त्री या पदास पात्र ठरत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि नाव तेथेच थांबले. त्याच वर्षी बाईंचा ‘दि इलेक्ट्रिक आर्क’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

इकडे प्रज्योत अनेक वाटांनी पसरत होती. रशियाच्या बेनार्डोसने तिच्याने धातू सांधले; आज गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत काळ्या काचेआडून कारागीर पाहतो, तो तिच्याच कुळातला उजेड. फ्रान्सच्या एरूने १९०० साली तिच्या भट्टीत पोलाद वितळविले. त्याच वर्षी एअर्टन यांचाच सहकारी विल्यम डडेल याने प्रज्योतीला वेटोळे व धारित्र जोडून तिला चक्क गायला लावले, आणि डेन्मार्कच्या पोलसेनने त्या गाण्याची कंप्रता वाढवीत नेऊन बिनतारी लहरी निर्माण केल्या. आकाशवाणीच्या वंशावळीत हा फूत्कारणारा दिवा असा येऊन बसतो! चित्रपटगृहांतील यंत्रांमागेही पुष्कळ वर्षे कार्बनच्या कांड्या जळत होत्या. तंबूतल्या खेळात पडदा मधेच पिवळा पडे, कारण कांड्या झिजून त्यांतील अंतर वाढलेले असे.

१९०६ साली रॉयल सोसायटीने प्रज्योतीवरील आणि वाळूतील लहरींवरील संशोधनासाठी हर्थाबाईंना ह्यूज पदक दिले. ज्या संस्थेचे सभासदत्व त्यांना नाकारले गेले, तिचेच हे पदक. १९४५ साली कॅथलीन लॉन्सडेल व मार्जरी स्टीफन्सन या पहिल्या दोन स्त्रिया सोसायटीच्या फेलो म्हणून निवडल्या गेल्या. एअर्टनबाई १९२३ सालीच निवर्तल्या होत्या.